बारा गेले, सहा खेळले : राईन-रूर २०२५ आणि आपल्या विद्यापीठ क्रीडेचा कारभार

जर्मनीतील राईन-रूर परिसरात १६ ते २७ जुलै २०२५ या काळात जागतिक विद्यापीठ क्रीडा स्पर्धा झाल्या. बॅडमिंटनसाठी भारताने बारा विद्यार्थी खेळाडू पाठवले होते. सगळे निवड चाचणीतून आलेले होते, सगळ्यांचे व्हिसा झाले होते आणि सगळे स्पर्धेच्या ठिकाणी पोहोचलेही होते. मिश्र सांघिक स्पर्धेआधी, १६ जुलैला, संघांच्या व्यवस्थापकांची बैठक झाली, जिला खेळातली माणसे ‘मॅनेजर्स मीटिंग’ म्हणतात. त्या बैठकीत भारताकडून सर्व नावे रीतसर सादर झाली नाहीत आणि सहाच खेळाडू खेळण्यास पात्र ठरले. उरलेल्या सहा जणांना दुखापत नव्हती, त्यांच्यावर शिस्तभंगाचा ठपका नव्हता, त्यांची उत्तेजक चाचणीही सदोष आली नव्हती. त्यांचे नाव कागदावर नव्हते, एवढेच.

मिश्र सांघिक लढतीत एकेरी, दुहेरी आणि मिश्र दुहेरी असे सामने होतात. बारा जणांचा संघ असेल तर प्रशिक्षकाला समोरच्या संघाकडे पाहून जोड्या बदलता येतात आणि एकेरीत दमलेल्या खेळाडूला दुहेरीतून विश्रांती देता येते. सहा जणांत ही सोय राहत नाही, तेच हात पुन्हा कोर्टवर उतरतात. तरीही त्या सहा जणांनी कांस्यपदक मिळवले. वगळल्या गेलेल्या खेळाडूंनी समाजमाध्यमांवर जाहीर तक्रार केली तेव्हा प्रकरण बाहेर आले. त्यानंतर पथक पाठवणाऱ्या संस्थेने चौकशी लावली आणि क्रीडा विभागाची जबाबदारी असलेल्या आपल्या सहसचिवांना त्या जबाबदारीवरून दूर केले.

वर्तमानपत्रांत हे प्रकरण ‘अधिकाऱ्यांची ढिलाई’ या शीर्षकाखाली आले आणि आठवडाभरात मागे पडले. ढिलाई होतीच. पण हे पथक कोण पाठवते, त्याचा खर्च कोणाच्या खिशातून निघतो आणि चूक झाल्यावर खेळाडूला दाद कोणाकडे मागता येते, हे पाहिल्याशिवाय ती ढिलाई नीट समजत नाही. या लेखात हे प्रकरण त्या अंगाने मांडले आहे.

पथक कोण पाठवते

ऑलिम्पिकचे पथक भारतीय ऑलिम्पिक संघटना पाठवते, जागतिक बॅडमिंटन स्पर्धेचे पथक बॅडमिंटनचा राष्ट्रीय महासंघ पाठवतो. विद्यापीठ क्रीडेची जागतिक संघटना, म्हणजे १९४९ मध्ये स्थापन झालेली ‘फिसू’, प्रत्येक देशातील एकाच संस्थेला सदस्य म्हणून ओळखते. भारतात ती संस्था म्हणजे असोसिएशन ऑफ इंडियन युनिव्हर्सिटीज, सगळ्यांच्या तोंडी असलेली ‘एआययू’.

एआययूचा जन्म खेळासाठी झालेला नाही. १९२५ मध्ये ‘इंटर-युनिव्हर्सिटी बोर्ड’ या नावाने ती सुरू झाली. विद्यापीठांनी एकमेकांच्या पदव्या मान्य कराव्यात आणि कुलगुरूंनी एकत्र बसून विचारविनिमय करावा, हा तिचा हेतू होता. खेळ नंतर आला, आणि तो क्रिकेटच्या मागून आला. मुंबईच्या अर्देशर दादाभाई बारिया यांनी आपल्या मुलाच्या स्मरणार्थ दिलेल्या रोहिंटन बारिया करंडकाची आंतरविद्यापीठ स्पर्धा १९३५ मध्ये सुरू झाली. पहिली काही वर्षे ती क्रिकेट नियामक मंडळाने चालवली आणि १९४० च्या सुमारास विद्यापीठांच्याच क्रीडा मंडळाकडे सोपवली. पुढे एकेक खेळ त्यात भरत गेला. १९७३ मध्ये संस्थेने आजचे नाव घेतले. परदेशी पदवीची समकक्षता ठरवणे, कुलगुरूंच्या परिषदा भरवणे, युवक महोत्सव घेणे ही कामे ती आजही करते, आणि त्याच छपराखाली एक क्रीडा विभाग देशभरातील आंतरविद्यापीठ स्पर्धांचे वार्षिक वेळापत्रक आखतो. संस्थेचा अध्यक्ष सदस्य कुलगुरूंमधून निवडला जातो आणि दरवर्षी बदलतो. सदस्यत्व विद्यापीठांचे असते. ते खेळाडूचे नसते, महाविद्यालयातल्या शारीरिक शिक्षण संचालकाचेही नसते.

जर्मनीत हे काम १९४८ मध्ये स्थापन झालेली, निव्वळ उच्च शिक्षणसंस्थांमधील खेळ पाहणारी संघटना करते. ब्रिटनमध्ये २००८ साली दोन संस्था एकत्र करून असेच एक स्वतंत्र मंडळ उभे राहिले. वेगळी संस्था केली की चुका थांबतात, असा दावा कोणी करणार नाही. पण जिचे एकमेव काम खेळ आहे, त्या संस्थेत मॅनेजर्स मीटिंगचा कागद वाचणे हे कोणाचे तरी रोजचे काम असते.

आपल्याकडे हा प्रश्न राज्यघटनेपासूनच अधांतरी आहे. खेळ हा विषय राज्यसूचीत आहे, तर शिक्षण १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीनंतर समवर्ती सूचीत आले. केंद्रात विद्यापीठे शिक्षण मंत्रालयाच्या कक्षेत येतात आणि खेळ युवक व्यवहार व क्रीडा मंत्रालयाच्या. एआययूला क्रीडा मंत्रालयाची मान्यता ‘राष्ट्रीय क्रीडा प्रोत्साहन संस्था’ म्हणून आहे. म्हणजे विद्यापीठाचा खेळाडू एका मंत्रालयाचा विद्यार्थी आणि दुसऱ्या मंत्रालयाचा खेळाडू असतो, आणि दोघांच्या मध्ये जी संस्था उभी आहे ती मुळात तिसऱ्याच कामासाठी निघालेली आहे.

पैसा कोठून येतो

राईन-रूरच्या बातम्या वाचताना माझ्या डोळ्यांसमोर महाविद्यालयाची फी-पावती आली. महाराष्ट्रातील कोणत्याही अनुदानित महाविद्यालयाची पावती काढून पाहावी. शिकवणी शुल्क, ग्रंथालय शुल्क, प्रयोगशाळा शुल्क यांच्या खाली ‘जिमखाना’ किंवा ‘क्रीडा’ या नावाची एक छोटी रक्कम असते, आणि अनेक ठिकाणी तिच्या शेजारी ‘अश्वमेध’ अशी आणखी एक ओळ असते. अश्वमेध हा राज्यातील विद्यापीठांचा, कुलपती या नात्याने राज्यपालांच्या पुढाकाराने सुरू झालेला क्रीडा महोत्सव आहे, आणि त्याचा भार अशा किरकोळ रकमांतून उचलला जातो. जो विद्यार्थी आयुष्यात कधी मैदानावर उतरत नाही, तोही ही रक्कम भरतो. भारतातील विद्यापीठ क्रीडेचा पाया या पैशावर उभा आहे, आणि हे वाक्य मी शब्दशः म्हणतो आहे.

या पैशातून शिडी उभी राहते. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचेच उदाहरण घेतले, तर पुणे शहर, पुणे ग्रामीण, अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) आणि नाशिक अशा चार विभागांत आंतरमहाविद्यालयीन सामने होतात, मग आंतरविभागीय सामने होतात, त्यांतून विद्यापीठाचा संघ निवडला जातो आणि त्याचे सराव शिबिर लागते. तो संघ पश्चिम विभागीय स्पर्धेला जातो, ज्यात महाराष्ट्र, गोवा, गुजरात, राजस्थान आणि मध्य प्रदेशातील विद्यापीठे असतात. सांघिक खेळांत प्रत्येक विभागातील पहिले चार संघ अखिल भारतीय फेरीत पोहोचतात. यजमानपद एआययू एखाद्या विद्यापीठाला देते आणि आयोजनाचा भार ते विद्यापीठ उचलते. पाहुण्या संघाचा प्रवास, दैनिक भत्ता, ट्रॅकसूट आणि किट हा खर्च ज्याच्या त्याच्या विद्यापीठाकडे असतो. मार्च २०२० मध्ये रेल्वेने बहुतेक सवलती बंद केल्या, त्यांत खेळाडूंची सवलतही गेली. त्याच टीए-डीएच्या, म्हणजे प्रवास व दैनिक भत्त्याच्या, तरतुदीत त्यानंतर पूर्ण भाड्याची तिकिटे बसवावी लागली.

हा टीए-डीए मिळवण्याआधी खेळाडूला जे कागद जमवावे लागतात, ते या प्रकरणाच्या संदर्भात पाहण्यासारखे आहेत. पात्रता अर्ज, म्हणजे सगळे ज्याला ‘एलिजिबिलिटी’ म्हणतात तो, चालू वर्षाचा असावा लागतो. त्यावर फोटो, फोटोवर अर्धा येईल असा शिक्का, प्राचार्यांची सही आणि पुढे विद्यापीठाची सही हवी. वय किती, बारावी होऊन किती वर्षे झाली, प्रवेश नियमित आहे की नाही, हे त्यावरून पडताळले जाते. यजमान विद्यापीठात संघ पोहोचला की मॅनेजर एका प्लास्टिकच्या फायलीत हा गठ्ठा घेऊन रिपोर्टिंगच्या टेबलाशी बसतो. दहावी-बारावीच्या मूळ गुणपत्रिका, ओळखपत्र, आधार असे एकेक नाव तपासले जाते. एखाद्या मुलीची मूळ गुणपत्रिका घरी राहिली असेल, तर सटाण्याहून किंवा संगमनेरहून रात्रीच्या एसटीने ती कोणीतरी आणून देईपर्यंत तिचा संघ एक खेळाडू कमी धरून बसतो. वेळेत आली नाही तर ती मुलगी खेळत नाही. तिथे कोणी हळहळत नाही, नियम तो नियम. मला ही कडक शिस्त चुकीची वाटत नाही, कारण वय चोरणारे आणि दोन विद्यापीठांतून खेळणारे या गाळणीतच सापडतात.

पण एक विसंगती इथे नोंदवावी लागते. तालुक्याच्या महाविद्यालयातील एकोणीस वर्षांच्या मुलीने एक कागद विसरला तर तिचा मोसम जातो. देशाच्या पथकाबरोबर गेलेल्यांच्या हातून एक यादी नीट गेली नाही, तर मोसम पुन्हा खेळाडूचाच जातो. कागदाची शिक्षा दोन्ही टोकांना एकाच पक्षाला होते.

वरच्या टोकाचा पैसा वेगळ्या वाटेने येतो. २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात क्रीडा मंत्रालयाला सुमारे ३,७९४ कोटी रुपये मिळाले, त्यांतील १,००० कोटी ‘खेलो इंडिया’साठी आणि ४०० कोटी राष्ट्रीय क्रीडा महासंघांच्या साहाय्यासाठी होते. विद्यापीठांच्या वाट्याला यातून सर्वांत ठळकपणे येते ती खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धा. ती फेब्रुवारी २०२० मध्ये भुवनेश्वरला पहिल्यांदा झाली, तेव्हा चंडीगडचे पंजाब विद्यापीठ आणि पुणे विद्यापीठ या दोघांची सुवर्णपदके १७-१७ अशी बरोबरीत होती. रौप्यपदके पंजाबची १९ आणि पुण्याची ११ निघाली, म्हणून विजेतेपद पंजाब विद्यापीठाला गेले. पुढे २०२२ मध्ये बेंगळुरूला झालेल्या स्पर्धेत खासगी जैन विद्यापीठ पहिले आले, आणि २०२४ मध्ये ईशान्येत झालेल्या स्पर्धेत चंडीगड युनिव्हर्सिटी या खासगी विद्यापीठाने बाजी मारली.

या क्रमाकडे नीट पाहिले तर पैशाची दिशा दिसते. शेकडो संलग्न महाविद्यालयांतून शिडी चढत संघ बांधणारे सार्वजनिक विद्यापीठ एका बाजूला आहे, आणि फी माफ करून, वसतिगृह, आहार व प्रशिक्षक एकाच आवारात देऊन तयार खेळाडूंना प्रवेश देणारे खासगी विद्यापीठ दुसऱ्या बाजूला आहे. विद्यापीठांच्या सर्वांगीण क्रीडा कामगिरीसाठी १९५६-५७ पासून दिला जाणारा मौलाना अबुल कलाम आझाद करंडक, म्हणजे ‘माका ट्रॉफी’, पहिल्या वर्षी मुंबई विद्यापीठाने जिंकला होता. नंतर त्यावर अमृतसरच्या गुरू नानक देव विद्यापीठाची अनेक वर्षे सत्ता राहिली, आणि २०२४ चा करंडक चंडीगड युनिव्हर्सिटीकडे गेला. खासगी विद्यापीठांना मी दोष देत नाही, त्यांनी खेळाडूवर पैसा घातला आणि पदके घेतली. मात्र जिमखाना शुल्कावर चालणाऱ्या विद्यापीठाने त्यांच्याशी कोणत्या बळावर स्पर्धा करावी, याचा विचार राष्ट्रीय पातळीवर कोणी केलेला दिसत नाही.

खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धेत प्रवेश मिळतो तो एआययूच्या अखिल भारतीय स्पर्धेतील पहिल्या आठांमध्ये येऊन. म्हणजे ज्या दहा-बारा दिवसांवर मंत्रालयाचा पैसा, दूरचित्रवाणीचे कॅमेरे आणि राष्ट्रीय महासंघांचे तांत्रिक अधिकारी येतात, ते दिवस वर्षभर चालणाऱ्या, विद्यार्थ्यांच्या शुल्कावर उभ्या असलेल्या शिडीवर अवलंबून आहेत. शिखर बांधायला कंत्राटदार मिळतो, पायाची डागडुजी मात्र घरच्यांनीच करायची असते, तसे हे आहे.

त्या पथकात आणखी कोण होते

राईन-रूरला भारताने १२ पदके मिळवली : २ सुवर्ण, ५ रौप्य आणि ५ कांस्य. आधीच्या, चीनमधील चेंगडू येथे २०२३ मध्ये झालेल्या स्पर्धेत ही संख्या २६ होती, त्यांत ११ सुवर्णपदके होती, आणि तोवरच्या सगळ्या स्पर्धांची बेरीजही त्याहून कमी भरत होती. एका स्पर्धेवरून घसरण म्हणणे घाईचे होईल, कारण यजमान देशानुसार खेळांची यादी थोडी बदलते आणि कोणता खेळाडू त्या वर्षी विद्यार्थी आहे यावरही बरेच ठरते.

महाराष्ट्राच्या दृष्टीने मात्र ते पथक लक्षात राहण्यासारखे होते. साताऱ्याच्या साहिल जाधवने धनुर्विद्येत कंपाउंड प्रकारात वैयक्तिक सुवर्ण मिळवले, आणि अंतिम लढत त्याने ब्रिटनच्या धनुर्धराविरुद्ध १४९-१४८ अशी एका गुणाने जिंकली. पंधरा बाणांत दीडशेपैकी एकच गुण त्याने सोडला. पुण्याच्या वैष्णवी आडकरने टेनिसच्या महिला एकेरीत कांस्य मिळवले. या स्पर्धेत टेनिसचे भारतीय पदक त्याआधी १९७९ मध्ये नंदन बाळ यांनी आणले होते, तेही पुण्याचेच. मधली सेहेचाळीस वर्षे रिकामी गेली. या दोघांच्या बाबतीत कागद वेळेवर गेले, म्हणून आपण त्यांच्याविषयी पदकांच्या भाषेत बोलू शकतो. त्याच पथकातील सहा बॅडमिंटनपटूंच्या बाबतीत कौशल्याचा प्रश्न विचारण्याची वेळच आली नाही.

ही स्पर्धा दोन वर्षांतून एकदा होते आणि वयाची वरची मर्यादा २५ आहे. पुढची स्पर्धा ऑगस्ट २०२७ मध्ये दक्षिण कोरियातील चुंगचोंग भागात आहे. तेव्हा या सहांपैकी कोणाचे वय निघून गेलेले असेल, कोणाचे शिक्षण संपलेले असेल, कोणी नोकरीच्या मागे लागलेला असेल. महासंघाच्या खेळाडूला एक स्पर्धा हुकली तर पुढच्या मोसमात दुसरी मिळते. विद्यापीठाच्या खेळाडूचे दार मात्र वयाने आणि पदवीने दोन्हीकडून बंद होत असते, आणि ही गोष्ट चौकशीच्या कोणत्याही शिक्षेने भरून निघत नाही.

दाद कोणाकडे मागायची

ऑगस्ट २०२५ मध्ये, म्हणजे या घटनेनंतर महिन्याभरातच, संसदेने राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा संमत केला. त्यात राष्ट्रीय क्रीडा मंडळ आणि खेळांतील वाद सोडवण्यासाठी राष्ट्रीय क्रीडा न्यायाधिकरण यांची तरतूद आहे. कायद्याच्या केंद्रस्थानी ऑलिम्पिक समिती, पॅरालिम्पिक समिती आणि एकेका खेळाचे महासंघ आहेत. हे ओघानेच आले, कारण २०११ च्या क्रीडा संहितेपासून आपला सगळा विचार ‘एक खेळ, एक महासंघ’ या चौकटीतून होत आला आहे. विद्यापीठ हा काही खेळ नाही. त्याच्या छत्रीखाली पन्नास खेळ असतात आणि त्यांतील एकाही खेळाचा महासंघ त्या दिवशी त्या बैठकीतील कागदाला जबाबदार नव्हता.

विद्यापीठाच्या पातळीवर निदान कायदा आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ ने क्रीडा व शारीरिक शिक्षण मंडळ आणि त्याचा संचालक यांची जागा निश्चित केली, त्यामुळे निवडीवर तक्रार असेल तर खेळाडूला निदान कोणाच्या दारात जायचे ते ठाऊक असते. देशाच्या पथकात निवड झाली की त्याच खेळाडूच्या वरचा विद्यापीठाचा हात सुटतो आणि राष्ट्रीय पातळीवर असा हात अजून धरला गेलेला नाही. त्या सहा जणांना समाजमाध्यमांवर लिहावे लागले, यातच त्या रिकाम्या जागेचे मोजमाप आहे.

उपाय म्हणून नवी संस्था, नवे मंडळ, नवा निधी यांची यादी करणे सोपे आहे, आणि एआययूने आपला क्रीडा विभाग स्वतंत्र, पूर्णवेळ क्रीडा व्यवस्थापकांच्या हाती द्यावा हे माझेही मत आहे. पण ते होईपर्यंत थांबण्याची गरज नाही. कोणत्याही आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत मॅनेजर सामन्याआधी मुलांना गोल बसवतो, यादी मोठ्याने वाचतो आणि प्रत्येकाकडून नावासमोर सही घेतो. चुंगचोंगला जाणाऱ्या प्रत्येक संघाबाबत एवढेच करावे : मॅनेजर्स मीटिंगला निघण्याआधी भरलेला अर्ज सर्व खेळाडूंना दाखवावा, प्रत्येकाची सही घ्यावी आणि बैठकीतून मिळालेल्या पोचपावतीचा फोटो त्याच संध्याकाळी संघाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकावा. यासाठी अर्थसंकल्पात तरतूद लागत नाही, आणि नाव राहिले असेल तर ते निदान त्याच संध्याकाळी, आयोजकांशी बोलायला वेळ असताना, खेळाडूच्याच नजरेला पडेल.